ओव्हीदच्या बंदुकीतली खुंटी

दोन अधिक एक तीन होतात, हे मला पहिलीपासून येतं. शिवाय जिल्हा कोर्टाच्या दप्तरात मी एकतीस वर्षं काढली. लोकांची मृत्युपत्रं, बांधाची भांडणं, घटस्फोट, सगळं माझ्या हाताखालून गेलं, आणि कलम कितीही वाकडं असलं तरी त्याचा अर्थ मी उभ्या उभ्या सांगायचे. पण शिकारखात्याच्या पुस्तिकेतल्या त्या तीनपुढे मी अशी काही हात टेकले की विचारू नका.

झालं असं की ऑक्टोबरच्या शेवटी पर्सी हेबेर आमच्या ओसरीवर आले. हे आमच्या दलदलीतल्या शिकारमंडळाचे चिटणीस. टोपी काढून हातात घेतली, माझ्या हातच्या पिकान-पायचे, म्हणजे पिकान दाणे घालून भाजलेल्या गोड वडीचे, दोन तुकडे खाल्ले आणि मग हळूच म्हणाले की चौदा नंबरच्या लपणातून गेल्या वर्षी बंदूक वाजली नाही. हे लपण म्हणजे पाण्यात खांब रोवून, वर वेत आणि गवत बांधून केलेली खोपी. ती माझ्या नवऱ्यानं, ओव्हीदनं, स्वतःच्या हातानं बांधली होती. गेल्या वर्षी बंदूक कशी वाजणार? ओव्हीदला जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते. पण मंडळाचा नियम असा की हंगाम उघडतो त्या पहिल्या सकाळी ज्या लपणातून लागोपाठ दोन वर्षं बार झाला नाही, ते लपण दुसऱ्याला द्यायचं. आणि दुसरा कोण, तर पर्सींचे जावई.

"नियम म्हणजे नियम, मिस अर्लीन," इथल्या रिवाजानं विधवेलाही मिस म्हणत पर्सी म्हणाले. हे मला! मला नियम शिकवतात!

मी म्हटलं, बार होईल. त्यांनी विचारलं, कोण करणार? मी म्हटलं, मी. त्यावर त्यांना पायचा ठसका लागला. तो थांबेपर्यंत मी मुद्दामच पाणी आणलं नाही.

खरं सांगायचं तर मी त्या लपणात एकदाही गेले नव्हते. ओव्हीद दर वर्षी विचारायचा. "चल ना गं, दोघं मावतो आपण," म्हणायचा. आणि दर वर्षी मी म्हणायचे, चिखलात आणि थंडीत बसायला मला काय वेड लागलंय? पुढच्या वर्षी बघू. अशी एकोणचाळीस पुढची वर्षं गेली. तो एकटाच पहाटे जायचा आणि दुपारी येऊन सांगायचा की सहाच्या सहा बदकं मिळाली, आणि पिशवीत मोजून चार निघायची. मी म्हणायचे, थापा मारायच्या तर निदान चारच सांग. तो हसायचा. आता तो तिथे काय करत बसायचा, कुठल्या बाजूला बघायचा, कॉफी कशी प्यायचा, हे मला कुणाला विचारायची सोय राहिली नाही. ते लपण जावयाकडे गेलं असतं तर ते बघायचीही राहिली नसती. म्हणून मी परवाना काढला, त्यावर लावायचं बदकाच्या चित्राचं तिकीट घेतलं, ते इतकं देखणं होतं की त्याच्यावर आडवी सही करताना जिवावर आलं, आणि पुस्तिका वाचायला बसले.

पुस्तिकेत लिहिलं होतं की बदकांच्या शिकारीसाठी बंदुकीत एकूण तीनपेक्षा जास्त काडतुसं मावता कामा नयेत. मावत असतील तर मॅगझिनच्या, म्हणजे काडतुसं भरायच्या, नळीत अडसर बसवावा. अडसर एकसंध असावा आणि बंदूक खोलल्याशिवाय निघणारा नसावा.

मला हे काही पटलं नाही. मी तीनच काडतुसं नेणार असले तर नळीत दहा मावेनात का! मी खात्याला फोन लावला. चाळीस मिनिटं फिडलचं एकच गाणं ऐकवल्यावर एक तरुण मुलगी बोलली. तिला मी माझा मुद्दा नीट, क्रमवार सांगितला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, तुम्ही किती घालता हा प्रश्नच नाही. किती मावतात हा प्रश्न आहे."

फोन ठेवला आणि समोर ओव्हीदची खुर्ची दिसली. आमचं घर लहान. दोघांना ते कायम अपुरं पडायचं, सारखे एकमेकांना धक्के. आता पाहावं तिकडे जागाच जागा. कायदा करणाऱ्यांना यातलं काही ठाऊक नसणार, पण ती मुलगी बोलली ते मात्र खरं होतं.

आमचे शेजारी मिस्टर क्लेबर्ट साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना विचारलं नाही तरी ते सल्ला देतात, आणि मी तर विचारलं. ते म्हणाले, तीन म्हणजे नळीत तीन आणि वर घोड्यापाशी एक. मी म्हटलं, ते चार झाले. ते म्हणाले, वरचं मोजत नाहीत. मी पुस्तिकेतलं "एकूण" दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, आणि म्हणाले की पन्नास वर्षं शिकार करतोय, अजून कुणी अधिकारी माझ्या बंदुकीला शिवला नाही. म्हणजे पन्नास वर्षं हा माणूस नळीत तीन भरत होता! शेवटी त्यांनी एक मात्र शहाणपणाचं सांगितलं: ओव्हीदच्या बंदुकीत अडसराची खुंटी असणारच, काडतुसं घालून मोजा.

मोजली. नळीत एक गेलं, दुसरं गेलं, तिसरं काही केल्या जाईना. दोन खाली, एक वर, तीन. चोख. कुठल्याही शहाण्या बाईनं काडतुसं काढून बंदूक कपाटात ठेवली असती आणि शनिवारची वाट बघितली असती.

पण मी पडले दप्तरातली. अडसर आहे हे कळलं, पण तो एकसंध आहे का? दोन तुकडे एकापुढे एक नसतील कशावरून? डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी आयुष्यात कशावर शिक्का मारला नाही. म्हणून मंगळवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून, मी नळीच्या तोंडाचं झाकण फिरवलं.

त्या नळीत हातभर लांब स्प्रिंग दाबून बसवलेली असते, हे पुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नाही. झाकण सुटलं आणि ती स्प्रिंग माझ्या कानाशेजारून सुसाट निघाली, खिडकीच्या जाळीतून आरपार गेली आणि मिस्टर क्लेबर्टच्या सत्सुमा संत्र्याच्या झाडात जाऊन बसली. मी खाली. टेबल वाकडं. आणि कुठेतरी काहीतरी लाकडाचं खडखडत गेलं, पण कुठे ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी तेव्हा आपला कान जागेवर आहे का ते चाचपत होते.

दोन दिवस आम्ही ते झाड पिंजून काढलं. स्प्रिंग मिळाली. पिकलेली चाळीसेक संत्री मिळाली. खुंटी मिळाली नाही. मिस्टर क्लेबर्ट म्हणाले, त्यात काय एवढं, मी करून देतो. त्यांनी माझ्या झाडूच्या दांड्याचा तुकडा कापला. तो इतका आखूड झाला की तिसरं काडतूस सुखानं आत गेलं. दुसरा कापला तो इतका लांब की एकच जाईना. मग त्यांनी पडद्याच्या दांडीवर हात टाकला. मी दप्तरातल्या दोन पेन्सिली रबरानं बांधून बघितल्या, पण खात्याच्या त्याच मुलीनं सांगितलं की दोन पेन्सिली म्हणजे एकसंध नव्हे. तोवर ती मला आवाजावरून ओळखायला लागली होती. गुरुवार संध्याकाळपर्यंत घरात झाडू नव्हता, बैठकीच्या खोलीला पडदा नव्हता, आणि बंदूक पाच तुकड्यांत टेबलावर पडली होती, कारण ती परत जोडायची कशी हे आम्हा दोघांनाही येत नव्हतं.

मिस्टर क्लेबर्टनी घसा खाकरला. म्हणाले, "मिस अर्लीन, ही ओव्हीदच्या वडलांची बंदूक. ती खोलून जोडणारं या गल्लीत एकच माणूस उरलंय."

मला माहीत होतं कोण ते. माझी नणंद, अझेली. आमच्यापासून तिसरं घर.

आता सांगावंच लागेल. बावीस वर्षांपूर्वी, असाच हंगाम उघडायच्या आठवड्यात, चर्चच्या जेवणासाठी अझेली माझ्याकडे गंबो, आमच्याकडचा दाट रस्सा, करू लागायला आली होती. ती गेली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या आईचा लाकडी चमचा दिसेना. साधा चमचा नव्हे तो. गंबोसाठी पीठ तेलात तासभर भाजायचं, हात थांबवायचा नाही, त्यासाठी आईनं जन्मभर वापरलेला. दांडा हातभर लांब, भांड्याच्या काठावर टेकून टेकून एका जागी करपून खाच पडलेली, टोकाला भोक. तो चमचा अझेलीला फार आवडायचा, सगळ्यांसमोर म्हणायची. मग दुसरं कोण नेणार? मी तिला तोंडावर विचारलं. तिचा चेहरा लाल झाला, ती तशीच उठून निघून गेली, आणि तेव्हापासून आम्ही बोललो नाही. चर्चमध्ये ती डावीकडच्या बाकावर, मी उजवीकडच्या. ओव्हीद त्या भांडणात पुढ्यातली ताटली खरवडत बसला होता. एक शब्द काढला नाही त्यानं. मला वाटलं, बहीण आणि बायको यांच्यात बिचारा काय बोलणार! त्याच्या अंत्यविधीला ती बटाट्याचं सॅलड घेऊन आली, ओसरीवर ठेवलं आणि दार न वाजवता गेली.

गुरुवारी संध्याकाळी मी तिचं दार वाजवलं. वाटेत तीनदा परत फिरले होते, ते मिस्टर क्लेबर्टनी खिडकीतून मोजलं.

अझेलीनं दार उघडलं, माझ्या हातातल्या स्प्रिंगकडे बघितलं आणि म्हणाली, "झाकणावर हात नव्हता ठेवलास." बावीस वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. मी म्हटलं, नव्हता. ती चपला घालून निघाली.

माझ्या स्वयंपाकघरात ती बावीस वर्षांनी आली आणि काही न विचारता पाचही तुकडे ओळीत मांडले. मग म्हणाली, खुंटी? मी म्हटलं, झाडात गेली. ती म्हणाली, स्प्रिंग उडते, खुंटी पडते. तिनं झाडूच्या उरलेल्या दांड्यानं शेगडीखाली चाचपलं आणि काहीतरी ओढून बाहेर काढलं. काढलं आणि पटकन मुठीत धरलं.

"बघू," मी म्हटलं.

"बघायचंय काय? लाकूड आहे."

"अझेली, मूठ उघड."

तिनं उघडली. वीतभर लांबीचा गोल दांडा, दोन्ही टोकांना चाकूनं तासलेला. एका टोकाला अर्धं कापलं गेलेलं भोक. मधोमध करपलेली काळी खाच. त्या खाचेत माझा अंगठा आपोआप जाऊन बसला, आईचा बसायचा तसा.

मी खाली बसले. मग अंगाचा असा काही भडका उडाला! बावीस वर्षं! हा माणूस माझ्यासमोर बसून जेवत होता, गंबो पातळ झालाय म्हणत होता, आणि त्याच्या बंदुकीत माझ्या आईचा चमचा! मला त्याच्याशी भांडायचं होतं, तिथल्या तिथे, भांडी आपटून. खुर्चीकडे वळले तर खुर्ची रिकामी. असा राग मला कधी आला नव्हता आणि तो इतका हवाहवासाही कधी वाटला नव्हता.

अझेलीनं मग सांगितलं. त्या वर्षी धक्क्यावर तपासणी कडक झाली होती. वडलांच्या वेळची जुनी खुंटी फुटली होती, उद्या सकाळी हंगाम, दुकानं बंद. हाताला लागलं ते त्यानं कापलं. सोमवारी चमच्याला नवीन दांडा बसवून देऊ, असं त्याच्या मनात होतं, पण शनिवारी मी अझेलीवर तोफ डागली, आणि त्याची बोबडी वळली. रविवारी तो तिच्याकडे जाऊन रडला. शपथ घातली की सांगू नकोस, मीच सांगतो, योग्य वेळ बघून.

"दर वर्षी पहिल्या दिवशी दोन बदकं आणून द्यायचा," ती म्हणाली. "दंड म्हणून. आणि म्हणायचा, या वर्षी सांगतोच."

सहा म्हणायचा आणि चार निघायची. थापा नव्हत्या त्या.

मी विचारलं, "तो गेल्यावर तरी सांगायचंस. तुझ्यावरचा आळ तरी गेला असता."

अझेली नळी पुसत होती. मान वर न करता म्हणाली, "तो गेल्यावर सांगितलं असतं तर तू भांडली असतीस कुणाशी?"

तिनं खुंटी आत सरकवली, स्प्रिंग बसवली, झाकणावर तळवा ठेवून ते फिरवलं आणि बंदूक माझ्या हातात दिली. चमचा परत मागावा असं क्षणभर मनात आलं. पण शनिवार दोन दिवसांवर होता आणि कायदा कायद्याच्या जागी. मी एवढंच विचारलं की शनिवारी तू येतेस का, मला होडी वल्हवता येत नाही. ती म्हणाली, माहितीय.

शनिवारी उजाडायच्या आधी आम्ही निघालो. होडीत बसताना माझा एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला, बूट तिथेच राहिला, आणि अझेलीनं वल्ह्यानं तो असा काढला की त्यातला सगळा चिखल माझ्या मांडीवर. धक्क्यावर पर्सी आणि त्यांचे जावई उभे होते. त्यांनी टोपीला हात लावला. मी एकाच पायात बूट घालून जमेल तेवढ्या ताठ मानेनं बसले.

लपणात आत एक बाक होतं. मी बघितलं, खरंच दोघांचं. कोट अडकवायला दोन खिळे. बाकाखाली पत्र्याची पेटी. अझेली बंदूक पुसत होती तोवर मी ती उघडली. लहान गॅसची शेगडी, कॉफीचा डबा, आणि डब्यात कॉफी काढायला आईच्या चमच्याचं तोंड. मागचा भाग चाकूनं तासून हातात धरण्याजोगा केलेला. वाटीला कॉफीचा रंग चढलेला. त्याच्याखाली दोन कप. एक आतून काळाकुट्ट, कान तुटका. दुसरा कोरा करकरीत, तळाला दुकानाची चिठ्ठी तशीच, पिवळी पडलेली.

मी तो कोरा कप हातात धरून बसले. दर वर्षी तो हा कप इथे बघत असणार आणि घरी येऊन मला विचारत असणार, चल ना गं. आणि मी म्हणत असणार पुढच्या वर्षी. देवा रे, एकदा तरी यायला हवं होतं मी. एकदा आले असते तर काय बिघडलं असतं?

अझेलीनं माझ्या हातातून कप घेतला, कॉफी केली, आणि परत माझ्याच हातात दिला. स्वतःला तुटक्या कानाचा घेतला.

उजाडलं. दलदलीवर पहिले बार व्हायला लागले. अझेलीनं मला कोपरखळी मारली आणि गवतातून बोट दाखवलं. सात-आठ बदकं आमच्यावरून खाली येत होती, पंख आवळून. मी उठले, खांद्याला बंदूक लावली आणि एक, दोन, तीन बार केले. एकाही बदकाला धक्का लागला नाही. ती वळली, पुन्हा आमच्यावरूनच आरामात गेली, आणि मी रिकाम्या बंदुकीचा चाप ओढतेच आहे. आणखी एक हवं होतं. तीन कधी पुरतात का कुणाला?

लांबवर पर्सींच्या होडीतून कुणीतरी शिट्टी वाजवली. चौदा नंबरचा बार ऐकू गेला होता.

"अझेली," मी म्हटलं, "चुकलं माझं. बावीस वर्षं चुकलं."

"काय? बंदुकीनं कानठळ्या बसल्यात माझ्या."

मी पुन्हा म्हटलं, मोठ्यांदा. तिला पहिल्यांदाच ऐकू आलं होतं, हे मला तिच्या तोंडावरून कळत होतं. पण मी तिसऱ्यांदाही म्हटलं असतं.

थोड्या वेळानं शिकारखात्याची होडी आली. अधिकारी पोरसवदा, ट्राहान नावाचा. परवाना बघितला, तिकिटावरची सही बघितली, बंदूक घेतली. एक काडतूस घातलं, दुसरं घातलं, तिसरं अंगठ्यानं नेटानं दाबलं. गेलं नाही. त्यानं मान डोलावली आणि विचारलं, खुंटी कुणी केली, माप अगदी बरोबर आहे. घरगुती दिसते. हवी तर होडीत प्लॅस्टिकची नवीन आहे, फुकट देतो, ती कुजत नाही.

मी म्हटलं, नको. खुंटी माझ्या नवऱ्यानं केली, लाकूड माझं होतं.

तो गेला. दुपारी निघताना अझेलीनं पेटी आवरली आणि चमच्याचं तोंड माझ्यापुढे धरलं. "घे, तुझं आहे. दांडा हंगाम संपल्यावर काढून देते. कुणाकडून तरी जोडून घे."

मी ते हातात घेतलं. करपलेल्या पिठाचा वास अजून येतो का ते बघितलं. येत नव्हता, नुसता कॉफीचा येत होता. मग मी ते कॉफीच्या डब्यात परत ठेवलं, वर दोन्ही कप पालथे घातले आणि पेटी बाकाखाली सरकवली.

"राहू दे इथेच," मी म्हटलं. "पुढच्या वर्षी लागेल."